पावणे आले की एक पाव मागे

रत्नप्रभा धुरींच्या प्रोग्रॅममध्ये मला पहिल्याच दिवशी चार हजार टोप्या सापडल्या. प्रोग्रॅम होता शाळेचे गणवेश कापण्याचा. त्यात एवढ्या टोप्या कशाला, हे काही कळेना. दुपारपर्यंत माझा पारा चढला होता. चहाच्या वेळी तणतणत त्यांच्या टेबलाशी गेले आणि विचारलं, "रत्नाताई, एवढ्या हॅट कुणासाठी शिवताय?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या कागदाकडे बघितलं आणि अशा हसल्या की आमचे मालक धवलभाई केबिनमधून बाहेर आले.

"हॅट नाय गो ती. हात! एच, ए, टी. हात!"

मग एकेक उलगडत गेलं. 'मॅन' म्हणजे माणूस नव्हे, मान. 'पे' म्हणजे पगार नव्हे, पाय. 'मॅप' नावाचं जे जिथे तिथे भेटत होतं तो नकाशा नव्हता, माप होतं. आणि 'डिड' हा शब्द बघून मी तासभर शोधत होते, की कोणी काय केलं आणि केव्हा केलं. तो निघाला दीड. दीड इंचातला दीड. अठ्ठावीस वर्षांपूर्वी यंत्राला मराठी अक्षरं चालत नव्हती आणि रत्नाताईंना इंग्रजी शब्द सुचत नव्हते, म्हणून इंग्रजी अक्षरांत सगळा मराठी संसार मांडलेला. चार लाख ओळींचा.

मी गंधाली. राहणार मुलुंड, शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, राग नाकाच्या शेंड्यावर. आमची कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत, एका गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर, चौदा माणसांची. कपड्याच्या कारखान्यांना लागणारा 'कातर' नावाचा प्रोग्रॅम आम्ही बनवतो. कापडावर कॉलर, बाही, पाठ असे तुकडे कसे मांडले म्हणजे चिंध्या कमी निघतील, हे तो ठरवतो आणि कापणाऱ्या यंत्राला तसं सांगतो. 'कातर'ची पहिली ओळ रत्नाताईंनी लिहिली आणि गेल्या अठ्ठावीस वर्षांतल्या बहुतेक ओळीही त्यांनीच.

आता ही बाई काही इंजिनीयर नव्हे. वडील परळच्या गिरणीत. संप झाला, गिरणी बसली आणि धुरींचं बिऱ्हाड दहिसरला नदीकाठच्या एका चाळीत आलं. आईने शिवणयंत्र घेतलं, आसपासच्या शाळांचे गणवेश शिवायला लागली आणि कापायचं काम पंधरा वर्षांच्या रत्नाकडे आलं. पुढे ती कांदिवलीच्या एका कारखान्यात लागली. पुठ्ठ्याचे तुकडे कापडावर मांडून खडूने आखायचं काम. तिथे एक दिवस धवलभाईंचे वडील कॉम्प्युटर घेऊन आले. सोबत दोन इंजिनीयर. त्यांचा प्रोग्रॅम माप मागायचा 'थर्टीन पॉइंट फाइव्ह' असं. कटिंग मास्तर ओरडायचा 'साडेतेरा', टाइप करणारा गोंधळायचा आणि कापड वाया जायचं. रत्ना खडू हातात घेऊनच मोठ्या शेठना म्हणाली, "मास्तर कसा बोलतो ते आधी तुमच्या यंत्राला शिकवा. मास्तर नाही शिकणार तुमचं."

शेठ शहाणे. त्यांनी इंजिनीयर परत पाठवले आणि हिला ठेवून घेतलं. संध्याकाळी बोरिवलीला क्लास आणि दिवसा काम असं करत दोन वर्षांत तिने 'कातर' उभा केला. त्यात माप टाकायचं ते मास्तराच्या तोंडून येतं तसंच. साडेतेरा म्हणाला की 'साडे'चं एक बटण आणि तेरा. आजतागायत आमच्या गिऱ्हाइकांना तेच आवडतं. बाकी आमच्यात आवडण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

तर असा हा प्रोग्रॅम आणि त्याला धोका होता तो कंपायलरचा. कंपायलर म्हणजे दुभाषा. आपण लिहिलेलं तो यंत्राच्या भाषेत करून देतो. आमचा कंपायलर प्रोग्रॅमइतकाच जुना होता आणि तो ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. त्या कॉम्प्युटरला सगळे 'आजोबा' म्हणत. आजोबा चालू व्हायला अकरा मिनिटं घेत आणि मधूनच घरघरत. शिवाय कापायची नवीन यंत्रं आजोबांनी बनवलेलं काही स्वीकारत नव्हती.

दिवाळी झाल्यावर धवलभाईंनी आम्हां दोघींना बोलावलं.

"रत्नाबेन, आजोबा गेले तर आपली वाट लागली ना," ते म्हणाले. "नवीन कंपायलरवर आणा सगळं. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. मार्चपासून गणवेशाची सीझन. तोपर्यंत नाही झालं तर मी बाहेरच्या कंपनीचं तयार पॅकेज घेऊन टाकतो. तेच आपण विकू."

"आणि 'कातर'?" रत्नाताईंनी विचारलं.

धवलभाई खिडकीबाहेर बघायला लागले. रत्नाताई एकतीस मार्चला रिटायर होणार होत्या. म्हणजे त्यांच्या आधी महिनाभर 'कातर' रिटायर होणार. त्या केबिनबाहेर आल्या. मला म्हणाल्या, "मी गेलंय तर गेलंय गो. पण माझ्या डोळ्यांदेखत ह्याका नको घालवूक." नेहमी आमच्याशी नीट मुंबईचं मराठी बोलणाऱ्या या बाई मनातलं बोलायला लागल्या की थेट मालवणात उतरतात. मला वाईट वाटलं आणि मला वाईट वाटलं की राग येतो. मी त्याच रागात कामाला लागले.

नव्या कंपायलरने पहिल्या दिवशी अकरा हजार तीनशे बेचाळीस चुका काढल्या.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पूर्वी पांडुरंग नावाचा वॉचमन होता. तो येणाऱ्याचा चेहरा बघून आत सोडायचा. आता नवीन आलाय तो माझ्या आईलाही नाव, फ्लॅट नंबर आणि फोटो मागतो. जुना कंपायलर पांडुरंग होता. अर्धवट लिहिलंत, तो समजून घ्यायचा. नवा म्हणत होता, हे कोण, हे कुठून आलं, याचं नाव आधी का नाही सांगितलं. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो बरोबर होता. अठ्ठावीस वर्षं लपून बसलेल्या कितीतरी खऱ्या चुका त्याने शोधून दिल्या. रत्नाताई प्रत्येक चूक बघून कौतुकाने म्हणायच्या, "अरे, नजर आहे हं याला!"

त्या तीन महिन्यांइतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आम्ही रोज संध्याकाळी चुकांचा आकडा लिहायचो. हजाराने उतरला की रत्नाताई डबा आणायच्या. नऊ हजारांना खोबऱ्याच्या वड्या, आठ हजारांना काळ्या वाटाण्याची उसळ, सात हजारांना घावणे. घावणे आले त्या दिवशी हिशेब बघणारी माणसंसुद्धा येऊन विचारू लागली की सहा हजार कधी होणार. कोडमध्ये जागोजागी रत्नाताईंनी स्वतःसाठी टिपा लिहून ठेवल्या होत्या, त्या वाचण्यात वेगळीच मजा. एके ठिकाणी, 'इथे हात लावू नये, चालतंय ते चालू दे.' दुसरीकडे, 'हे असं का आहे ते शेठना विचारा.' शेठना जाऊन बारा वर्षं झाली होती. एक टीप नुसतीच, 'आज भावाचं लग्न, उद्या बघू.' ते उद्या कधी आलंच नव्हतं. मी ती चूक दुरुस्त केली आणि त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावाक नातू झालो गो आता."

भांडण झालं ते मापावरून.

नव्या कंपायलरकडे स्वतःचंच 'मॅप' नावाचं काहीतरी होतं. त्यामुळे आमच्या मापाशी त्याची सहा हजार ठिकाणी टक्कर होत होती. एकाच घरात एका नावाची दोन माणसं, हाक मारली की दोघं ओ देणार. मी म्हटलं, सगळ्या मापांचं 'मेजरमेंट' करून टाकू. आणि त्याच झपाट्यात हात, मान, पाय सगळंच इंग्रजी करू, म्हणजे पुढे येणाऱ्याला टोप्या मोजायला नकोत.

"नाही," रत्नाताई म्हणाल्या.

"का नाही?"

"मापाला माप म्हणायचं. पाहिजे तर एक 'ए' वाढव."

"एक 'ए' वाढवून काय होणार? पुढच्या माणसाला कळायला नको?"

"तुला कळलं ना?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. मी म्हणाले, "रत्नाताई, हा प्रोग्रॅम आहे, शिवणाचा क्लास नाही."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि स्वतःच्या स्क्रीनकडे वळल्या. मी मुकाट्याने सहा हजार ठिकाणी एक-एक 'ए' वाढवला, पण सॉरी काही म्हटलं नाही. पुढचे चार दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. फळ्यावरचा आकडा मात्र उतरत होता. आधी चारशे, मग दीडशे, मग एकवीस.

त्या एकवीसमधल्या बऱ्याच चुका एकाच फायलीत होत्या. खूप जुनी फाईल. त्या काळची यंत्रं गोगलगाय, म्हणून तिथलं काम रत्नाताईंनी थेट यंत्राच्या भाषेत लिहिलं होतं. नुसती अक्षरं आणि आकडे, मला त्यातलं ओ की ठो कळेना. नवा कंपायलर तसलं काही घरातच घेत नव्हता, म्हणजे ते सगळं नव्याने लिहायला हवं. 'साडे' होतं, 'सव्वा' होतं, 'दीड' होता, 'अडीच' होतं. ते सगळं मी झटपट लिहिलं. दीडाने एकदा फसवलं होतं, आता मी फसणार नव्हते. आता मला 'कातर'ची भाषा वाचता येते, अशी माझी खात्री होती.

शेवटचं नाव होतं 'पावणे'. त्यावर टीप होती, 'पावणे आले की एक पाव मागे.'

मी खुदकन हसले. गिऱ्हाइकाला पंधरा दिवस वापरून बघायला आम्ही प्रोग्रॅमची एक प्रत देतो. तिला रत्नाताई 'पावणे' म्हणतात. 'पावणे बोरिवलीला गेलेत, पंधरा दिवसांनी येतील,' असं. म्हणजे हे त्या पाहुण्यांचंच काहीतरी. आलेला पाहुणा आधी पाव मागायचा, उसळीबरोबर, असा त्यांचा नेहमीसारखा विनोद असणार. आता तशा प्रती आम्ही वेगळ्या पद्धतीने देतो, म्हणजे हे कधीच निकामी झालेलं. तरी काढून टाकलं तर दोनशे चौदा ठिकाणी त्याला हाका मारलेल्या. म्हणून मी तिथे लिहिलं, जे येईल ते आलं तसंच परत पाठव. पाहुण्याचा मान राखला आणि पुढे गेले.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. शेजारच्या टेबलावर रत्नाताई बसल्या होत्या, मान वळवून विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी रुसले होते ना.

वीस फेब्रुवारीला दुपारी फळ्यावर शून्य लागलं. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं. रत्नाताईंनी मालवणी खाज्याचा पुडा फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. भांडण मिटलं. मी सगळी चाचणी केली, शंभर शर्टांची मापं टाकली, जुनं आणि नवं ताडून पाहिलं. सुतभर फरक नाही. मापं टाकली ती अर्थात मी, माझ्या पद्धतीने, साडे-सव्वाची बटणं न वापरता, तेरा पॉइंट सात पाच अशी.

पंचवीस तारखेला कांदिवलीला खरी परीक्षा. तोच कारखाना, जिथे रत्नाताई खडूने आखायच्या. तिथले कटिंग मास्तर सहदेव परब तेव्हा त्यांच्या बरोबरीने कामाला लागलेले. आता केस पांढरे, गळ्यात टेप आणि ऐकणं कमी. त्यांनी मापं ओरडून सांगितली, त्यांच्या माणसाने नेहमीसारखी बटणं दाबली, नव्या यंत्राने सर्रकन कापड कापलं. प्रत्येक साइझचे दोन-दोन शर्ट शिवायला दिले. धवलभाई एका स्टुलावर बसले होते, मांडीवर त्या बाहेरच्या कंपनीची फाईल. चार वाजता त्या कंपनीचा फोन येणार होता. हो किंवा नाही सांगायचं होतं.

साडेबाराला शर्ट आले. बारके ठीक, मोठे ठीक. मधल्या साइझची कॉलर मात्र गळपट्टीवर बसेना. टोकाला फुगा येत होता. दुसराही शर्ट तसाच.

सहदेव मास्तरांनी टेप लावला. "काय गो रत्ना, ह्यां काय करून ठेवलंस? कॉलर दोन सूत जास्ती."

आठ सुतांचा एक इंच. दोन सूत म्हणजे पाव इंच. शर्टाच्या गळ्याशी पाव इंच म्हणजे शाळेतून शर्ट परत. रत्नाताईंनी टेप हातात घेऊन स्वतः मोजलं, दोनदा. त्यांचा चेहरा उतरला. धवलभाईंनी फाईल उघडली.

"माझ्या वेळचं काहीतरी असेल," रत्नाताई त्यांना म्हणाल्या. "तेव्हा मला तरी काय येत होतं? गंधालीचं काम चोख आहे हं. तिला काही बोलू नका."

चार दिवस तोंड न बघितलेली, शिवणाच्या क्लासवरून टोचून बोललेली मी, आणि ही बाई माझ्यासाठी दोष अंगावर घेत होती. मी मास्तरांना विचारलं, "मास्तर, सगळ्याच कॉलर जास्त आहेत का?"

"माका नको विचारू, टेपाक विचार," मास्तर म्हणाले. मग टेप पुन्हा लावत आपल्याशीच मोठ्याने बोलले, "सव्वातेराची बरोबर. साडेतेराची बरोबर. पावणेचवदाची तेवढी चवदा झाली."

पावणेचौदा.

पावणे! चौदातून पाव मागे! पाहुणे आले नव्हते आणि पाव तर कुणीच मागितला नव्हता. चौदा आले की मी त्यांना मानाने चौदाच परत पाठवत होते. दोनशे चौदा ठिकाणी.

गप्प बसून गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. धवलभाईंना काय कळणार होतं? पण रत्नाताईंचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

"चूक यांची नाही, माझी आहे," मी ओरडलेच. "रत्नाताई, मला वाटलं ते पाहुणे आहेत!"

"कोण पाहुणे?"

"पावणे आले की एक पाव मागे! मला वाटलं, उसळीबरोबर पाव मागतात!"

रत्नाताईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या शर्टाकडे. आणि मग त्या हसायला लागल्या. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्तरांना ऐकू आलं नव्हतं म्हणून त्यांच्या कानात सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा मास्तर कापडाच्या गठ्ठ्यावरच बसले. शिवणयंत्रं थांबली. ही गोष्ट एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे, मराठीतून हिंदीत होत गेली आणि शेवटच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"मेले, घड्याळ तरी बघतंस काय कधी?" रत्नाताई डोळे पुसत म्हणाल्या. "पावणेएकला जेवायला बसतो आपण रोज!"

"मी ट्वेल्व्ह फॉर्टीफाइव्ह म्हणते," मी म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

लॅपटॉप सोबतच होता. एक ओळ बदलली. जे येईल त्यातून पाव वजा. सगळा प्रोग्रॅम पुन्हा तयार व्हायला बावीस मिनिटं लागतात. तेवढ्यात आम्ही चहा घेतला. रत्नाताई शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "त्या दिवशी क्लासवरून बोलले ते चुकलं माझं. सॉरी."

"शिवणाचाच क्लास होता तो," त्या म्हणाल्या. "तुझी एक टीप उसवली, एवढंच."

पुन्हा मापं, पुन्हा कापड, पुन्हा शिवण. सव्वातीनला शर्ट आला. मास्तरांनी कॉलर गळपट्टीवर ठेवली, अंगठ्याने दाबली, टोकं जुळवली. मग शर्ट रत्नाताईंच्या हातात देऊन म्हणाले, "बसली."

धवलभाईंनी चारची वाट बघितली नाही. स्वतःच फोन केला आणि नाही सांगितलं. मांडीवरची फाईल मास्तरांनी पुठ्ठा चांगला आहे म्हणून मागून घेतली. तिच्यावर आता खिशाचं माप आखलेलं आहे, मी बघितलंय.

मार्चभर 'कातर' मजेत चालला. मला मात्र एक गोष्ट छळत होती, तो मापातला जादा 'ए'. दिसायला घाण दिसत होता. आणि एक दिवस नव्या कंपायलरची माहिती चाळताना मला ती ओळ दिसली. नावं कोणत्याही लिपीत चालतील. मी दोनदा वाचलं. मग कोणाला न सांगता, एका जुन्या प्रतीवर, करून बघितलं.

एकतीस मार्चला निरोप समारंभ होता. समोसे, शाल, धवलभाईंचं गुजराती वळणाचं मराठी भाषण. रत्नाताई हसत होत्या, पण मधूनच आपलं टेबल बघत होत्या. समारंभ आटपल्यावर ड्रॉवर आवरताना म्हणाल्या, "चला. उद्यापासून मी इथली पावणी."

"आधी इथे बसा," मी म्हटलं आणि त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं.

स्क्रीनवर त्यांचीच जुनी फाईल होती, फक्त अक्षरं देवनागरी. माप. हात. मान. पाय. बाही. दीड. अठ्ठावीस वर्षं हॅट, मॅन आणि पे होऊन राहिलेले शब्द आपल्या चेहऱ्याने उभे होते. रत्नाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. 'माप' या शब्दावर स्क्रीनला बोट लावलं. मला स्क्रीनला बोट लावलेलं अजिबात खपत नाही. आज खपवून घेतलं.

"ह्यां चलतां?" त्यांनी हळूच विचारलं. "ह्येका समाजतां?"

"सगळं समजतं. नजर आहे त्याला."

मग त्या 'पावणे'पाशी पोहोचल्या. त्यांची टीप तशीच होती, 'पावणे आले की एक पाव मागे.' तिच्या खाली मी माझी एक ओळ घातली होती.

'पावणे म्हणजे पाहुणे नव्हेत. घरचेच आहेत.'

त्यांनी ती ओळ ओठांतल्या ओठांत वाचली. मला वाटलं रडणार, आणि त्या रडल्या तर मीही रडणार होते. पण त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मराठी अक्षरांची सवय नव्हती. एकेक बटण शोधत, जीभ दातांत धरून, त्यांनी माझ्या ओळीखाली आपली ओळ लिहिली.

'तरी पाव मागतील.'

आणि स्वतःच बटण दाबलं. बावीस मिनिटं आम्ही दोघी तिथेच बसून उरलेले समोसे खात होतो. चुका शून्य आल्या.